चौतीस मुलं, सहा चेंडू आणि नळाला पाणी येण्याचा दिवस

जूनमध्ये सोलापुरातल्या एका वस्तीच्या मैदानावर ३४ मुलं-मुली फुटबॉल शिकायला येत होती. गणपती उठले तेव्हा हजेरीच्या वहीत ११ उरली. शिकवणारा माणूस मात्र शहरातल्या बहुतेकांपेक्षा जास्त फुटबॉल खेळलेला होता. मग मुलं गेली का, आणि परत आली ती कशामुळे, याची ही मांडणी आहे. प्रशिक्षकांचं नाव, त्यांचे क्लब आणि मैदानाचा पत्ता मुद्दाम वगळला आहे.

प्रशिक्षक पूर्व सोलापुरातल्या तेलुगुभाषक विणकर घरातले. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळणारी. सोळाव्या वर्षी ते पुण्याला गेले आणि उजवा बॅक, म्हणजे उजव्या बाजूचा बचावपटू म्हणून पुढे आय-लीग या राष्ट्रीय लीगच्या द्वितीय श्रेणीत आणि मुंबईच्या लीगमध्ये खेळले. करार बहुतेक एकेका हंगामाचे. हंगाम संपला की पगार थांबायचा आणि पुढच्या कराराची वाट बघत गावी येऊन बसायचं. सत्ताविसाव्या वर्षी उजव्या गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटला. शस्त्रक्रिया झाली, नऊ महिन्यांनी ते मैदानात परतले, पण वेग परतला नाही. एकोणतिसाव्या वर्षी ते सोलापूरला कायमचे आले.

त्यांच्या आधीच्या पिढीचं तसं नव्हतं. रेल्वे, बँका, एअर इंडिया अशा संघांत खेळणाऱ्याला खेळ संपल्यावरही नोकरी राहायची. सोलापूर हे तर मध्य रेल्वेचं विभागीय मुख्यालय, त्यामुळे खेळातून लागलेली नोकरी म्हणजे काय हे इथल्या जुन्या माणसांना सांगावं लागत नाही. १९९६ साली राष्ट्रीय लीग सुरू झाली, २००७ मध्ये तिच्या जागी आय-लीग आली, क्लब व्यावसायिक झाले. पण महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, पंजाबचा जेसीटी २०११ मध्ये. करारावरचा खेळाडू मोकळा होतो तेव्हा त्याच्या हातात ना भविष्य निर्वाह निधी असतो, ना दुसरा हुन्नर. वस्तीतली मुलं गोळा करून शिकवणं हा अशा माणसाला सगळ्यांत जवळचा वाटणारा रस्ता. तो जवळचा आहे, पण सोपा नाही.

प्रशिक्षकांचं पहिलं निदान होतं, "पोरांना शिस्त नाही." ते चुकलं होतं, आणि का चुकलं ते समजण्यासारखं आहे. क्लबचा खेळाडू सरावाला येतो तेव्हा मैदानावर रेषांचा चुना मारलेला असतो, चेंडूंत हवा भरलेली असते, पाणी ठेवलेलं असतं, पायाला पट्टी बांधायला माणूस असतो. त्याने फक्त वेळेवर यायचं आणि खेळायचं. बारा वर्षं हेच केलेल्या माणसाला वाटतं की फुटबॉल म्हणजे मैदानावर घडतं तेवढंच. वस्तीत आल्यावर उरलेलं सगळं त्याच्याच अंगावर पडतं, आणि ते त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

रांगेचा हिशोब

सुरुवात सरावाच्या पद्धतीपासून झाली, कारण तिथलं नुकसान मोजता येत होतं. प्रशिक्षक स्वतः जसे शिकले तसंच शिकवत होते: मुलांची एक रांग, समोर पाच शंकू, चेंडू घेऊन शंकूंमधून जायचं, गोलवर मारायचं, मागे येऊन रांगेत उभं राहायचं. एका मुलाला साधारण १५ सेकंद लागतात. २० मिनिटांत ८० पाळ्या होतात. मुलं ३४. म्हणजे एका मुलाच्या वाट्याला दोन, फार तर तीन पाळ्या. वीस मिनिटांपैकी एकोणीस मिनिटं ते उभं असतं. आठ-नऊ वर्षांचं मूल एकोणीस मिनिटं उभं राहिलं की ते पुढच्याला ढकलतं, माती उडवतं, आणि सर ओरडतात. शिस्त बिघडली ती रांगेमुळे.

यावर उपाय म्हणून चार विरुद्ध चारचे सामने लावले. २० बाय १५ मीटरचं छोटं मैदान, दोन्ही टोकांना दोन दगडांचा किंवा दोन शंकूंचा दीड मीटरचा गोल, गोलकीपर नाही. ३४ मुलांना अशी चार मैदानं लागतात आणि दोन मुलं आळीपाळीने शिट्टी व गुण सांभाळतात. कुणीच रांगेत नाही. चेंडूला पाय लागतो, निर्णय घ्यावा लागतो, हरलं की पुन्हा लगेच खेळायला मिळतं.

७० मिनिटांचा सराव आता असा चालतो. पहिली १० मिनिटं जो येईल त्याने थेट सामन्यात शिरायचं, त्यामुळे उशिरा येणाऱ्यासाठी कुणी थांबत नाही. मग १५ मिनिटं शरीर गरम करणं: चौदाच्या वरच्यांना ‘फिफा ११+’ ही दुखापती टाळण्यासाठी आखलेली व्यायामांची मालिका, त्याखालच्यांना तिचीच मुलांसाठीची सात व्यायामांची आवृत्ती. पूर्ण ११+ ला साधारण २० मिनिटं लागतात, म्हणून मोठी मुलं पाच मिनिटं आधी सुरू करतात. ती आठवड्यातून दोनदा तरी झाली तर गुडघा-घोट्याच्या दुखापती लक्षणीय कमी होतात, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. त्यानंतर १५ मिनिटं एकच कौशल्य, दोघांत एक चेंडू. उरलेली ३० मिनिटं सामने. एका सरावात एकच गोष्ट शिकवायची, हे पाळणं प्रशिक्षकांना सगळ्यांत जड गेलं. माहीत असलेलं सगळं एकाच संध्याकाळी देऊन टाकावंसं वाटतं, आणि माजी खेळाडूंची ही खोड फार चिवट असते.

वहीतला नवा रकाना

सराव सुधारला तरी हजेरी १५ च्या वर जाईना. तेव्हा हजेरीच्या वहीत ‘गैरहजर’ पुढे ‘कारण’ असा एक रकाना आखला आणि चार आठवडे तो नेमाने भरला. कारण विचारायचं दुसऱ्या दिवशी, एकट्याला, न रागावता.

"काल कुठं होतास बे?"

"अण्णा, पाणी आलतं. आई सोडत नाही."

"किती वाजता जातं पाणी?"

"सहाला."

"मग सहाला ये की. तुला कोण नको म्हणालं?"

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. उजनीतून येणारं पाणी काही दिवसांआड, ठरलेल्या तासांत, भागाभागाने सुटतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातलं प्रत्येक हात असलेलं माणूस भांडी, पिंपं, टाकी भरायला लागतं. चार आठवड्यांच्या वहीत गैरहजेरीचं सगळ्यांत मोठं कारण हेच निघालं. मुलं वेगवेगळ्या गल्ल्यांतली, म्हणून त्यांचे पाण्याचे दिवसही वेगळे. प्रशिक्षकांनी गल्लीवार पाण्याचं वेळापत्रक वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं. त्या गल्लीच्या मुलांना त्या दिवशी उशिरा यायची मुभा दिली आणि महत्त्वाचे सामने त्या दिवशी ठेवणं बंद केलं. वेळापत्रक बदललं की पान बदलायचं. उन्हाळ्यात ते वरचेवर बदलतं.

मुलींचं कारण वेगळं होतं. एका आईने ते नेमकं सांगितलं: "सर, पोरीला खेळवायला माझी ना नाही. पण तिनं पानं कापून दिल्याबिगर माझ्या हजार विड्या होत नाहीत. तुम्ही कधी सोडता तेच कळत नाही बघा." भिजवलेली तेंदूची पानं संध्याकाळी मापात कापून ठेवली तरच विड्या वळून सकाळी कारखान्यात देता येतात. अडचण खेळायच्या तासाची नव्हती. तो तास कधी संपणार हे ठाऊक नसण्याची होती. सराव रंगला की प्रशिक्षक तो वाढवत, क्लबमध्येही तसंच व्हायचं. आता मुलींचा सराव सव्वापाचला सुरू होतो आणि सव्वासहाला शिट्टी वाजते. सामना बरोबरीत असला तरी वाजते. दोन महिन्यांत मुलींची संख्या चारवरून तेरावर गेली. आमच्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोठा बदल हाच.

मोठ्या बहिणीला धाकटं भावंड सांभाळायचं असतं, म्हणून मैदानाच्या एका कोपऱ्यात आठ वर्षांखालच्यांसाठी क्रमांक ३ चा चेंडू पडलेला असतो. मुलींच्या सरावाला एक मोठी बाई मैदानावर असतेच. ती नसेल तर सराव होत नाही. कुणालाही एकट्याला प्रशिक्षकाच्या घरी बोलवायचं नाही, दुखापत बघायची ती सगळ्यांसमोर. मुलांचं लैंगिक शोषण रोखणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याची माहिती प्रत्येक मदतनिसाला पहिल्याच दिवशी दिली जाते. हे नियम प्रशिक्षकाला संशयातून वाचवतात आणि मुलांना त्याहून मोठ्या गोष्टीतून.

सण आणि परीक्षाही वहीत आहेत. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची यात्रा आणि गड्डा म्हणजे तिथली जत्रा असते, तेव्हा मैदान ओस पडतं. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ निघतो. रमजानमध्ये रोजा धरणारी मुलं असतात, त्यांना धावण्याचा सराव न देता शिट्टी आणि गुणांचं काम दिलं जातं. हे सगळं आधी माहीत असेल तर ती सुट्टी ठरते. माहीत नसेल तर तीच गैरहजेरी म्हणून लिहिली जाते आणि मनात राग राहतो.

काळी माती

मैदानाने तीन मुलांचे घोटे मुरगळले होते. सोलापूरची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. दोन बोटं रुंद भेगेत पाऊल अडकलं की घोटा जातो. वरून पाणी मारून भेगा बुजवायला गेलं तर माती पुन्हा फुगते, पुन्हा वाळते आणि नवी भेग शेजारी पडते. भेगांत पाणी नको, बारीक चाळलेला मुरूम ठासायचा असतो, आणि तोही तात्पुरता इलाज.

पक्का इलाज म्हणजे मुरमाचा थर. इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो, म्हणून हिशोब देतो. ३० बाय २० मीटरचा तुकडा म्हणजे ६०० चौरस मीटर. त्यावर दाबून १० सेंटिमीटर थर हवा असेल तर ६० घनमीटर मुरूम लागतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर, म्हणजे २१ ब्रास. पण मुरूम सैल येतो आणि रोलरखाली बसतो, त्यामुळे चौथा हिस्सा जास्त धरून २६ ते २७ ब्रास सांगावा लागतो. पहिल्या वेळी १५ ब्रास आला, थर कुठे सात तर कुठे चार सेंटिमीटरचा झाला, आणि पहिल्या पावसात काळी माती वर आली. दुसऱ्या वेळी वरची सैल माती आधी खरवडून काढली, थर दोन वेळा अंथरला, दर वेळी हलकं पाणी शिंपडून रोलर फिरवला, आणि मधून कडेला मीटरमागे एक सेंटिमीटर उतार ठेवला. उतार नसेल तर पाणी मधोमध साचतं आणि मुरूम तिथेच उखडतो. वरचे खडे वेचायला मुलंच लागली. दोन रविवार गेले.

मुरमावर पडलं की गुडघे सोलवटतात. म्हणून सरकून चेंडू काढणं इथे शिकवलंच जात नाही. उजव्या बॅकला हे न शिकवणं किती लागलं असेल, ते खेळलेल्यांना कळेल.

चेंडू आणि बूट

सुरुवातीला चेंडू सहाच होते आणि सहाही क्रमांक ५ चे, कारण क्लबमध्ये तेच वापरात असतात. क्रमांक ५ चा वजनाला ४१० ते ४५० ग्रॅम, घेर ६८ ते ७० सेंटिमीटर. आठ ते बारा वर्षांच्या मुलाला क्रमांक ४ लागतो: ३५० ते ३९० ग्रॅम, घेर ६३.५ ते ६६. मोठा चेंडू लहान पायाने मारताना मूल पायाच्या पंज्याने ढकलतं आणि तीच सवय लागते. मागाहून ती सोडवायला वर्ष जातं.

जालंधर आणि मेरठचा हाताने शिवलेला चेंडू हिरवळीवर चांगला, पण मुरमावर त्याचा दोरा घासून महिन्या-दीड महिन्यात शिवण उसवते. रबरी साच्यातला चेंडू टिकतो, मात्र तो कडक असतो आणि उसळतो. इथे सरावाला रबरी, सामन्याला शिवलेला अशी वाटणी केली आहे. नियमांत हवेचा दाब ०.६ ते १.१ वातावरण, म्हणजे साधारण ८.५ ते १५.६ पीएसआय आहे. कडक मैदानावर तो खालच्या टोकालाच ठेवायचा. उन्हात ठेवलेल्या चेंडूतला दाब वाढतो, म्हणून सकाळी भरलेला चेंडू दुपारी पत्र्याच्या खोलीत ठेवायचा नाही. पंपाची सुई कोरडी घातली की व्हॉल्व्ह फाटतो आणि चांगला चेंडू रोज रात्री बसतो; सुईला ग्लिसरीनचा एक थेंब लावायचा. सहातले दोन चेंडू फक्त या एका चुकीने गेले होते.

बुटांचं सूत्र साधं आहे. मुरमावर लांब स्टडचे, म्हणजे तळाला खुंट्या असलेले बूट चालत नाहीत, पाय घसरतो आणि टाचेवर भार येतो. सपाट रबरी तळाचे किंवा टर्फचे बूट हवेत, कॅनव्हासचे चालतील. अनवाणी आणि बूटवाली मुलं एका सामन्यात कधीच नकोत. लहान झालेले बूट धुऊन, मापाचा आकडा टाचेवर लिहून एका पेटीत ठेवले जातात. ज्याला लागतील त्याने घ्यायचे, कुणाला विचारायची गरज नाही. विचारायला लावलं की गरजू मूल अनवाणीच खेळतं.

ऊन

एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असतो. त्या दोन महिन्यांत सराव सकाळी सव्वासहा ते साडेसात, आणि दर १५ मिनिटांनी पाणी. प्रत्येकाकडे एक लिटरची भरलेली बाटली असल्याशिवाय मैदानात प्रवेश नाही. पाण्याची टंचाई असलेल्या घरातलं मूल रिकाम्या हाताने येतं, म्हणून मैदानावर एक जार भरलेला असतो. ओआरएसची पाकिटं संपली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ अंदाजाने टाकायचं नाही, जास्त झालं तर अपाय होतो. मूल असंबद्ध बोलू लागलं, उलटी झाली, अंग तापलं, तर सावली, ओली फडकी, काखेत आणि मानेला बर्फ, आणि लगेच १०८. अशा मुलाला पाणी पाजत बसायचं नाही.

सरावानंतर मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा. ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून सात-आठ ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि ते सोलापुरात कुठल्याही दुकानात मिळतात. परक्या पावडरींचे डबे या मुलांना नकोत.

प्रशिक्षकाचं शरीर

दोन वर्षांत त्यांचं वजन ११ किलो वाढलं. खेळाडूची भूक तशीच राहते, पण रोजची धाव थांबते. वजन एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने उतरतो, आणि शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्याला संधिवात लवकर धरतो. तरीही सराव दाखवताना ते पूर्ण वेगाने धावत, वळत. रात्री गुडघा सुजलेला असे.

आता ते प्रत्येक हालचाल चालत दाखवतात आणि वेगाने दाखवायला पंधरा वर्षांची एक मुलगी पुढे येते. मुलांना ते जास्त कळतं, कारण चालताना पाऊल कुठे पडतं ते दिसतं. सकाळी मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, आठवड्यातून तीनदा सायकल. गुडघ्याच्या दुखण्याबद्दल ते कुणाशी बोलत नसत. दुखतं म्हटलं की संघाबाहेर, ही क्लबातली सवय. वस्तीत त्यांना संघाबाहेर काढणारं कुणी नव्हतं, हे उमगायला मात्र वेळ लागला.

कागद आणि पैसा

मैदान पहिल्या वर्षी तोंडी परवानगीवर होतं. लग्नसराईत तिथे मांडव पडला आणि सराव तीन आठवडे रस्त्यावर गेला. आता परवानगी लेखी आहे, त्यात दिवस, तास आणि मुदत लिहिलेली आहे. १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवायला किमान सात सभासद लागतात, आणि महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तालयाकडे सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंद होते. सातही जण खेळाडू मित्र घेतले तर हिशोब कुणीच ठेवत नाही. इथे एक शिक्षक, एक आई आणि एक हिशोबनीस मुद्दाम घेतले.

कितीही वर्षं खेळलेला असला तरी प्रशिक्षकाला परवाना लागतो: आधी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा डी, मग आशियाई फुटबॉल महासंघाचे सी, बी, ए. डीच्या वर्गातच त्यांना रांगेचा सराव चुकीचा का हे पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं. शालेय स्पर्धा आणि सुब्रतो चषक या शाळांच्या फुटबॉल स्पर्धेची वाट शाळेतूनच जाते, तालुका-जिल्ह्यावरून पुणे विभागाकडे. त्यामुळे शाळांच्या क्रीडाशिक्षकांशी भांडून वस्तीतल्या प्रशिक्षकाचं काहीच चालत नाही. जन्मदाखला आणि आधारवरची तारीख जुळत नसेल तर मूल ऐन वेळी बाद होतं. ही तपासणी जूनमध्येच करून घ्यायची.

पोटापाण्यासाठी ते सकाळी एका शाळेत करारावर खेळ शिकवतात. संध्याकाळची फी महिना शंभर रुपये, जमत नसेल त्याने रोलर ओढायचा किंवा चुना मारायचा. पूर्ण फुकट ठेवलं होतं तेव्हा पालक विचारायलाही येत नव्हते.

सोळावं वर्ष

वही आज २९ नावांवर स्थिर आहे. सुटत नाही तो प्रश्न पंधरा-सोळाच्या मुलांचा. दहावी झाली की मुलगा यंत्रमागावर किंवा शिलाईच्या कारखान्यात जातो. पाळी बारा तासांची असते आणि संध्याकाळ उरत नाही. यांच्यासाठी रविवारी सकाळी सहाला फक्त सामना ठेवला आहे, सराव नाही. सात-आठ जण येतात, रात्रपाळी करून थेट येणारेही असतात.

दोघं पुण्यात निवड चाचणीला जायचं म्हणतात. प्रशिक्षकांनी त्यांना ना अडवलं, ना स्वप्नं दाखवली. जो कुणी करार पुढे करेल त्याला विचारायचे चार प्रश्न त्यांनी वहीच्या मागच्या पानावर लिहून दिले आहेत: पगार किती महिने मिळणार, दुखापत झाली तर शस्त्रक्रियेचा खर्च कुणाचा, बारावीच्या परीक्षेला सोडणार का, आणि कराराची सही केलेली प्रत माझ्या हातात कधी येणार. त्यांच्या स्वतःच्या पहिल्या कराराची प्रत त्यांच्याकडे कधीच नव्हती.